शिळं नव्हे, राखलेलं

चौदाव्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं, आणि ते पाकिटातल्या अन्नाविरुद्ध होतं. 'आपल्या ताटावर परक्यांचा ताबा' असा मथळा होता. शाळेच्या सहलीला निम्म्या वर्गाने डब्याऐवजी पाकिटं आणली म्हणून मी पेटले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते छापून आणलं आणि आठवडी बाजारात स्वतः उभं राहून वाटलं.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात बारामतीतल्या एका मोठ्या दुकानात डीप फ्रीजरपुढे उभी राहून मी गोठवलेल्या पराठ्यांचं पाकीट उचललं, तेव्हा आधी मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. पाकीट टोपलीत टाकलं आणि त्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवली.

ते पाकीट मी का घेत होते, ते सांगते.

आमचं घर माळेगाव बुद्रुकला. आबा जन्मभर पत्रकं काढत आले. एसटीचा थांबा, शाळेची गळकी खोली, कालव्याच्या पाण्याची पाळी, काहीही असो, आबांचं पत्रक निघायचंच. वाटून उरलेली पत्रकं घरात यायची. फडताळात डब्यांखाली तीच, वह्यांना कव्हर तीच. मला अक्षर ओळखता आलं ते 'जाहीर निषेध'मधल्या 'ज' वरून. आमच्याकडे भांडणसुद्धा तोंडाने होत नाही. ज्याची हरकत असेल त्याने ती कागदावर लिहायची आणि फ्रिजच्या दारावर चिकटवायची. आई होती तेव्हापासूनचा हा नियम. आई जाऊन सहा वर्षं झाली, नियम चालू आहे. फक्त त्या दारावर लिहायचो ते आबा आणि मीच. आईने कधी काही चिकटवलं नाही. दादाचं लग्न झालं, वहिनी आल्या, त्यांनीही नाही. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

वहिनी एका लहान खासगी शाळेत शिकवतात. तलाठ्याच्या परीक्षेत त्या दोनदा थोडक्यात राहिल्या होत्या. आता वयाची अट आडवी येत होती. या वेळचा फॉर्म शेवटचा. बारामतीतल्या एका अभ्यासिकेत त्यांना जागा मिळाली, पण संध्याकाळची, पाच ते आठ. आणि आमच्या घरात रात्रीचं जेवण आठला, गरम.

दादा उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर असतो, त्याच्या येण्याची वेळ त्यालाही माहीत नसते. मी बारामतीत एका छापखान्यात मुद्रितं तपासते, घरी पोचायला पावणेआठ होतात. शिवाय मला स्वयंपाक येतो असं कुणी सांगितलं तर ती अफवा समजावी. आबांनी तर तोपर्यंत गॅस पेटवलाही नव्हता. म्हणजे जेवण हवं असेल तर वहिनींनी घरी थांबायचं, आणि वहिनी थांबल्या तर परीक्षा गेली. इतका सरळ हिशोब होता.

"सोमवार ते शुक्रवार फ्रोझन आणू," मी म्हणाले. "वीस मिनिटांत ताट तयार."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताटावर परक्यांचा ताबा. कुणी लिवलं व्हतं गं ह्ये?"

"मी लिहिलं होतं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझं ताट दुसरं कुणीतरी वाढत होतं."

"म्हंजी तत्त्व बदललं म्हन की."

"तत्त्व तेच आहे, आबा. तेव्हा मी फक्त ताट बघितलं. ते करणारी बाई बघितली नव्हती."

हे मी ठणकावून बोलले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. पण निर्णय माझ्या भाषणाने झाला नाही. वहिनी भांडी पुसत होत्या, त्या न वळताच म्हणाल्या, "एक महिना बघू. एक जरी संध्याकाळ घर उपाशी ऱ्हायलं, तर मी अभ्यासिका सोडते. कुणी सांगायची गरज न्हाय."

मला त्यांचा राग आला. अट आबांनी घातली असती तर मी फाडून टाकली असती. ती त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती, ती कशी फाडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर आबांचं पत्रक होतं. 'जाहीर निषेध! या घरातील सर्वांस कळविण्यात येते की, महिनोन् महिने गोठवून ठेवलेले शिळे अन्न आमच्या ताटात वाढण्याचा डाव शिजत आहे.' मी तांबड्या पेनाने खाली लिहिलं, 'डाव शिजत नाही, गोठत आहे. मुद्रितशोधक.' आणि शेजारी माझं पत्रक लावलं: 'रोज सकाळी सात वाजता कालची भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या गृहस्थांनी शिळ्या अन्नावर बोलू नये.'

मला वाटलं, झालं, जिंकले. आबांनी भाकरी कुस्करता कुस्करता ते वाचलं.

"ती घरची शिळी हाय," ते म्हणाले. "तिला वळख हाय. तुझ्या पाकिटाची काय वळख?"

शब्दावर शब्द पडला की तिढा बसतो. आमच्याकडे 'शिळं' हा नुसता शब्द नाही, तो निकाल आहे. पाहुण्याला शिळं वाढलं ही बातमी चार गावं फिरते. सुनेने शिळं वाढलं ही तर आठ गावं. ताजं, ताजं म्हणून जे ताटावर बसतात, त्यांच्यातल्या किती जणांनी संध्याकाळी सहा वाजता परातीत पीठ घेतलंय? रोजच्या ताज्या अन्नाला रोजची एक बाई लागते. तिची संध्याकाळ गेली तरी चालेल, भाजीची वाफ जाता कामा नये. मी असं बरंच लिहिलं. दारावर जागा पुरेना, तेव्हा फ्रिजच्या बाजूलाही चिकटवलं.

पण पत्रकाने पोट भरत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सोमवारी मी आणला पुलाव. शितं गारांसारखी टणक राहिली आणि मधला वाटाणा तेवढा उकळत होता. मंगळवारी पनीरची भाजी, लग्नाच्या पंगतीतल्यासारखी गोड. आबांनी तीत ठेचा कालवला आणि कुणाकडेही न बघता जेवले. बुधवारी मोमो. आबांनी एक उचलून दिव्याकडे धरला.

"मोदक हायेत व्हय? मग आत कोबी का घातलाय?"

"ते मोमो आहेत, आबा."

"कुनाचे मामा?"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. गुरुवारी कटलेट. ते आधी नरम झालेले बरे म्हणून मी सकाळीच बाहेर काढून ठेवले होते. संध्याकाळी कढईत टाकले तर प्रत्येकाचा चुरा झाला. दादाने ट्रॅक्टरच्या तेलाने काळे झालेले हात न धुताच पाकीट उचललं आणि बारीक अक्षरं वाचली. फवारणीच्या औषधाची बाटली बॅच नंबर आणि तारीख बघितल्याशिवाय तो दुकानातून उचलत नाही.

"हितं लिवलंय की, थेट गोठलेलं तळा, वितळू देऊ नका. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढतीस आन् घरचं पाकीट वाचत न्हाईस व्हय?"

आम्ही तो चुरा भाकरीबरोबर खाल्ला. घर उपाशी राहिलं नाही, पण थोडक्यात वाचलं. वहिनी साडेआठला आल्या, कढईकडे बघितलं आणि पिशवी ठेवून ती घासायला घेतली. त्यांचं ते कढई घासणं मला आबांच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जड गेलं.

रविवारी मी आबांना घेऊन बावड्याला गेले, आत्याकडे. आत्याचं तिथे किराणा दुकान आहे, आणि दुकानात आइस्क्रीमचा मोठा फ्रीजर. इंदापूरच्या बाजूला उन्हाळा असा असतो की तो फ्रीजरच निम्मं दुकान चालवतो. मी तिला माझी कहाणी सांगितली. तिने मला काउंटरच्या आत ओढलं, फ्रीजर उघडला आणि मटारची दोन पाकिटं हातात दिली.

"हलव."

मी हलवलं. एक खडखडलं. दुसरं दगडासारखं गप्प.

"खडखडलं त्ये चांगलं," आत्या म्हणाली. "ह्ये गप बसलेलं एकदा वितळून परत गोठलंय. वाटंत गाडी बंद पडली आसंल, न्हाय तर लाईट गेली आसंल. ह्ये मी परत धाडनार हाय. पाकीट बोललं तर घ्यायचं, गप ऱ्हायलं तर सोडायचं."

"आणि आत बर्फ दिसला तर?"

"तर मालापरीस बर्फच इकतोय त्यो." तिने माझी यादी वाचली आणि कपाळाला हात लावला. "पुलाव काय, पनीर काय! अगं, जेवान कशाला इकत घेतीस? जेवनातला कष्ट इकत घे. लाटलेलं घे, सोललेलं घे, चिरलेलं घे. फोडनी तुझी तू दे. तिखट घरचं लागतं मानसाला. न्हाय तर भाऊ रोज तुला मोमो मोमो करून चिडवंल."

"म्या कुनाला चिडवत न्हाय," आबा बाकड्यावरून म्हणाले.

"तू गप, भाऊ. तू कधी मटार सोललायस?"

जेवणातला कष्ट विकत घे. घरी येताना गाडीवर मी ते वाक्य मनात दहा वेळा छापलं. इतकी पत्रकं वाचून, लिहून मला जे मांडता आलं नव्हतं, ते तिने फ्रीजरचं झाकण धरून सांगितलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून चित्र पालटलं. मी दुकानात जाऊन प्रत्येक पाकीट कानाशी नेऊन हलवायला लागले. तिथली मुलगी पहिल्यांदा हसली, मग तीच मला खडखडणारी पाकिटं बाजूला काढून ठेवायला लागली. सोललेले मटार घरी आणून काळ्या मसाल्यात उसळ केली की पंधरा मिनिटांत रस्सा. बटाट्याचे पराठे थेट तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून, आणि शेवटी कडेने तूप. सोबत दही आणि ठेचा. मक्याचे दाणे घालून खिचडी. एका कंपनीचे मेथीचे पराठे कडू निघाले, ते परत आणले नाहीत. कटलेट आता गोठलेलेच तेलात पडायचे आणि अखंड बाहेर यायचे. दादा म्हणाला, "आता कसं, बॅच जमली." आबांनी तिसरा पराठा मागितला. मी तो वाढला आणि फ्रिजवर लिहिलं, 'विरोधकांनी तिसरा पराठा घेतला. नोंद असावी.' आबांनी त्याखाली लिहिलं, 'भुकेला मत नसते.'

आणि वहिनी? त्या आठवड्यात त्या सराव परीक्षेत पहिल्या पाचात आल्या. साडेआठला घरी येऊन त्या स्वतःहून बसायच्या आणि कुणीतरी वाढलेलं जेवायच्या. आमच्या घरात त्यांना बसून जेवताना मी त्याआधी क्वचितच पाहिलं होतं.

महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते, त्यातला पहिला दिवस गुरुवारचा होता.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. सगळ्या तालुक्याला हे माहीत आहे. आधीच्या गुरुवारी ती दुपारपर्यंत आली होती आणि भरलेल्या फ्रीजरला काही झालं नव्हतं. त्यामुळे मी निर्धास्तपणे बुधवारी आठवड्याचं उरलेलं सामान आणून ठेवलं. त्या गुरुवारी लाईट सकाळी नऊला गेली आणि आलीच नाही. वहिनींची मोठी सराव परीक्षा संध्याकाळी होती, खऱ्या पेपरसारखी पूर्ण.

साडेसहाला दादाचा फोन आला. तो साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकला होता. "आबा म्हनत्यात समदं वितळलं. मऊ पडलंय. म्या तुझ्या वहिनीला कळवू का?"

"खबरदार," मी म्हणाले. "पेपर संपेपर्यंत त्यांना फोन करायचा नाही."

पण मला ठाऊक होतं, वहिनी शब्द पाळणाऱ्या आहेत. घर उपाशी दिसलं की उद्यापासून त्या सहाच्या आत घरात असतील, आणि मी कितीही पत्रकं चिकटवली तरी त्या ऐकणार नाहीत. मी छापखान्यातून निघाले. वाटेत दोन भेळेच्या गाड्या लागल्या. थांबले नाही. आबांना भेळ चालत नाही, आणि मला फसवून जिंकायचं नव्हतं.

घरात अंधार. स्वयंपाकघरात मात्र गॅसचा निळा उजेड आणि तूप जळल्याचा वास. आबा ओट्यापुढे उभे होते, धोतराचा सोगा खोचून, डोक्याला रुमाल, आणि मोबाईलची बॅटरी डाळीच्या डब्यावर उभी करून ठेवलेली. तव्यावर पराठा होता. परातीत भाजलेल्यांची चळत. काही एका बाजूने काळे, काही आकार हरवलेले.

"आबा!"

"वरडू नगं. चिकटतोय ह्यो." त्यांनी उलथनं पराठ्याखाली सारलं. "मऊ पडल्याव उलटायला लई तरास देत्यात."

"तुम्ही गॅस कसा पेटवला?"

"काडीनं. तुमचा त्यो लायटर मला जमत न्हाय."

मी बाजूला उभी राहिले. त्यांना काही करायची गरज नव्हती. नुसतं बाकावर बसून राहिले असते तरी जिंकले असते. ते मी बोलून दाखवलं.

"सकाळपास्नं तेच म्हनत व्हतो," ते म्हणाले. "दर अर्ध्या तासानं फ्रिज उघडून बघायचो, वितळलं का, वितळलं का."

"आबा, दार उघडलं म्हणूनच वितळलं! बंद ठेवलं असतं तर रात्रीपर्यंत टिकलं असतं."

ते थांबले. बॅटरीच्या उजेडात त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा झाला. "आसं हाय व्हय," ते म्हणाले, आणि पराठा उलटला. "मग भाजलं त्ये बरं झालं."

ताटाळ्यातून ताटं काढायला गेले तर ओट्याच्या कोपऱ्यात एक ताट आधीच भरलेलं दिसलं. त्यावर दुसरं ताट पालथं घातलं होतं, आणि वर पाण्याचा तांब्या, मांजर येऊ नये म्हणून. मी झाकण उचललं. तीन पराठे, चळतीतले सगळ्यात कमी करपलेले. लोणचं. दही.

"हे कुणाचं?"

"वहिनीचं तुझ्या. पेपर देऊन यील न्हवं दमून." आबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "तुझी आई ठिवायची तसं. बैठकीस्नं म्या कवा यायचो, दहाला, अकराला. ताट झाकलेलं आसायचं. गार. तांब्या वर. म्या कधी म्हनलो का गं शिळं हाय म्हनून?"

मी ताट पुन्हा झाकलं आणि तांब्या होता तसा वर ठेवला.

साडेआठला वहिनींची स्कूटी दारात आली. अंधार बघून त्या चपला न काढताच आत धावल्या. "लाईट न्हाय? मग जेवान?" आबांनी पालथं ताट उचललं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "बस. आधी सांग, पेपर सोडला न्हाईस न्हवं?"

"न्हाय. पुरा लिवला."

"मग खा."

वहिनींनी एक करपलेली कड तोडली, तोंडात घातली, आणि हसू की रडू असं तोंड करून म्हणाल्या, "आबा, मीठ वरनं घातलंय का?"

"घातलंय की. पाकिटात नसतंय ना?"

"असतंय, आबा."

आम्ही सगळे खारट पराठे जेवलो. दादा नऊला आला, त्याच्यासाठीही ताट झाकलेलं होतं. लाईट आली तेव्हा परात रिकामी होती.

शुक्रवारी सकाळी फ्रिजचं दार स्वच्छ होतं. सगळी जुनी पत्रकं काढलेली, आणि मधोमध एकच, आबांच्या टपोऱ्या अक्षरात:

'शुद्धिपत्रक. आमच्या मागील सर्व पत्रकांत "शिळे" असा शब्द पडला आहे. तेथे "राखलेले" असे वाचावे. उरते ते शिळे. कुणासाठी तरी ठेवले जाते ते राखलेले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

मी मुद्रितशोधक आहे. मी त्यात काना-मात्रेची चूक शोधली. एकही नव्हती.

परीक्षा झाली. यादी लागली, आणि यादीत वहिनींचं नाव होतं. त्या दिवशी संध्याकाळी निम्मी आळी पेढे घेऊन आमच्या दारात. आत्या बावड्याहून आली, खोक्यात बर्फ घालून मटार घेऊन. आबांनी कुणालाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ते ओट्यापुढे उभे राहिले. प्रत्येक पाकीट आधी कानाशी हलवायचे. "बोलतंय," म्हणायचे, आणि तव्यावर टाकायचे. एका शेजाऱ्याने विचारलं, "आबा, ताजं हाय न्हवं?" आबा म्हणाले, "ताजं न्हाय. राखलेलं हाय. हिच्यासाठी."

वहिनींची नेमणूक इंदापूर तालुक्यात झाली. आता त्या सातला घरी येतात. जो आधी येईल तो गॅस पेटवतो, जो मागे राहील त्याचं ताट झाकलेलं असतं. आणि रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी छापखान्यातून आले, तर फ्रिजच्या दारावर एक नवं अक्षर होतं. बारीक, सरळ रेषेतलं, शाईच्या पेनाचं. आबा चष्मा लावून ते तिसऱ्यांदा वाचत होते आणि त्यांची छाती फुगली होती.

'सर्व संबंधितांस. उद्या गुरुवार. लाईट येईपर्यंत फ्रिजचे दार कोणीही उघडू नये. हुकुमावरून.'